एंजिन पुनर्बांधणी, मिश्र भागांची

एंजिन पुनर्बांधणी, मिश्र भागांची : मोटारगाडीचे झिजलेले किंवा मोडलेले एंजिन पूर्णपणे सोडवून, त्यातील निकामी भागांच्या जागी निरनिराळ्या गाड्यांच्या एंजिनांतून मिळविलेले भाग बसवून ते पुन्हा चालू स्थितीत आणण्याची क्रिया. नेहमीच्या पुनर्बांधणीत त्याच बनावटीचे व त्याच प्रकाराचे नवे भाग वापरतात आणि त्यांची मापे उत्पादकाने आधीच जुळवून ठेवलेली असतात. मिश्र बांधणीत सिलिंडरांचा ठोकळा एका गाडीचा, भुजादंड दुसरीचा आणि शीर्ष तिसरीचे असू शकते. त्यामुळे जे काम मूळ अभिकल्पकाने कागदावर केले होते, ते कारागिराला स्वतः पुन्हा करावे लागते.

असे करण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. मूळ भाग मिळेनासे होणे हे सर्वांत जुने कारण होय. उत्पादन बंद पडलेल्या किंवा आयात थांबलेल्या गाड्यांच्या बाबतीत दुसरा मार्गच उरत नाही. क्यूबात १९६० नंतर अमेरिकेने घातलेल्या व्यापारबंदीमुळे तेथील जुन्या अमेरिकी गाड्या पुढे रशियन व इतर देशांच्या गाड्यांचे भाग आणि डीझेल एंजिने बसवून कित्येक दशके चालू ठेवण्यात आल्या. खर्च हे दुसरे व सर्वांत प्रबळ कारण आहे. तिसरे कारण हौसेचे आहे : मोठ्या एंजिनाचे काही भाग लहान एंजिनात बसवून त्याची शक्ती वाढविणे. या तिसऱ्या कारणापायी झालेल्या प्रयोगांतूनच मिश्र बांधणीची बरीचशी विश्वसनीय माहिती जमा झाली आहे, कारण शर्यतीच्या गाडीतील चूक फार काळ लपून राहत नाही.

एखादा भाग जागेवर बसणे आणि तो तेथे योग्य रीतीने काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोल्टची भोके जुळली, दंड धारव्यात फिरला, शीर्ष ठोकळ्यावर टेकले, एवढ्यावरून भाग जुळला असे समजता येत नाही. मिश्र बांधणीत बिघडलेल्या बहुतेक एंजिनांचा इतिहास हा या दोन गोष्टी एकच मानल्याचा इतिहास असतो.

अदलाबदलीचा इतिहास : सुरुवातीच्या मोटारगाड्यांत एकाच कारखान्याच्या दोन गाड्यांचे भागही एकमेकींना बसत नसत. प्रत्येक भाग कानशीने घासून त्याच्या जोडीदाराशी जुळवीत. मापांच्या काटेकोरपणामुळे ही स्थिती बदलली. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीचे हेन्री लेलंड हे बंदुका व यांत्रिक हत्यारे यांच्या कारखान्यांत तयार झालेले असल्याने मापन-गेजांचे महत्त्व जाणून होते. १९०८ साली इंग्लंडमधील रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली ब्रुकलंड्स येथे कॅडिलॅकच्या एक-सिलिंडरी तीन गाड्या पूर्णपणे सोडविण्यात आल्या. त्यांचे सर्व भाग एकत्र मिसळले, त्यांतील ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याकडील सुटे भाग घातले आणि केवळ पाने व पेचकस वापरून पुन्हा तीन गाड्या जोडल्या. कानस वापरण्यास मनाई होती. जोडलेल्या गाड्या निरनिराळ्या रंगांच्या तुकड्यांमुळे विदूषकासारख्या दिसत होत्या, पण त्या सुरू झाल्या आणि त्यांनी धावपट्टीवर प्रत्येकी ५०० मैल (सु. ८०० किमी.) अंतर पुरे केले. या कामगिरीबद्दल कंपनीला ड्यूअर करंडक मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात जीप गाडीचे उत्पादन विलीज व फोर्ड या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकाच आराखड्यावरून केले. रणभूमीवर एकीचे भाग दुसरीला चालावेत हीच त्यामागील अट होती. फोर्डने आपल्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उठविले. परंतु मापे तीच ठेवली. मिश्र बांधणीचे हे अधिकृत रूप म्हणता येईल. मात्र येथे भाग वेगळ्या कारखान्यांचे असले तरी अभिकल्प एकच होता, हे विसरता कामा नये.

एकाच कुलातील एंजिने : एंजिन नव्याने घडविण्यास फार मोठा खर्च येत असल्याने उत्पादक एकच ठोकळा थोडा थोडा बदलून अनेक वर्षे वापरतात. सिलिंडरांच्या मध्यांतील अंतर, शीर्षाच्या बोल्टांची जागा आणि भुजादंडापासून ठोकळ्याच्या माथ्यापर्यंतची उंची ही मापे कायम ठेवून सिलिंडराचा व्यास किंवा दट्ट्याची धाव बदलली की वेगळ्या क्षमतेचे एंजिन तयार होते. अशा एंजिनांचे एक कुल बनते आणि यशस्वी मिश्र बांधण्या बहुधा एका कुलाच्या मर्यादेतच झालेल्या आढळतात. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे ‘बी’ कुल भारतीयांच्या चांगल्या परिचयाचे आहे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अँबॅसडर गाडीचे १,४८९ घ. सेंमी. एंजिन याच कुलातले. त्यात सिलिंडराचा व्यास ७३ मिमी. व धाव ८८·९ मिमी. होती. एम्‌जीबी या इंग्रजी क्रीडागाडीच्या १,७९८ घ. सेंमी. एंजिनाची धावही ८८·९ मिमी.च होती, वाढविला होता तो फक्त व्यास. यावरून दोहोंचे भुजादंड एकमेकांच्या जागी चालतील असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि १९६४ नंतरच्या एम्‌जीबी एंजिनाच्या भुजादंडाला पाच मुख्य धारवे आहेत, तर १,४८९ घ. सेंमी. एंजिनात ते तीनच आहेत. धाव मिलिमीटरच्या दशांशापर्यंत सारखी असूनही दंड ठोकळ्यात ठेवताच येत नाही.

मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे एंजिन फियाट कंपनीच्या वेगळ्या कुलातील होते (व्यास ६८ मिमी., धाव ७५ मिमी.). अँबॅसडर व पद्मिनी या गाड्या भारतीय रस्त्यांवर चाळीस वर्षे शेजारी शेजारी धावल्या. पण त्यांच्या एंजिनांच्या अंतर्भागांत देवघेव होण्यासारखे जवळजवळ काही नव्हते. अशा गाड्यांत बाहेरील साहाय्यक भागच एकमेकांच्या उपयोगी पडतात : कार्ब्युरेटर, जनित्र, प्रज्वलन-वेटोळे, इंधनपंप वगैरे. हे भाग जोडण्यासाठी एखादी पट्टी किंवा मधला तुकडा तयार केला की पुरते.

मापांची साखळी : भुजादंड (कारागिरांच्या भाषेत क्रॅंक), संयोगदांडा व दट्ट्या (पिस्टन) हे एकापुढे एक जोडलेले असतात. दट्ट्या आपल्या धावेच्या सर्वांत वरच्या टोकाला असताना त्याचा माथा कोठे येईल हे तीन मापांच्या बेरजेवरून ठरते : धावेचे अर्धे माप, संयोगदांड्याच्या दोन्ही छिद्रांच्या मध्यांतील अंतर आणि दट्ट्याच्या पिनेपासून त्याच्या माथ्यापर्यंतची उंची. ही बेरीज भुजादंडाच्या मध्यापासून ठोकळ्याच्या माथ्यापर्यंतच्या उंचीशी जुळली पाहिजे. या तीनपैकी एक भाग जरी परका असला तरी बेरीज नव्याने करावी लागते.

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीचे १९५५ पासूनचे लहान ठोकळ्याचे आठ-सिलिंडरी ‘व्ही’ आकाराचे एंजिन हे याचे उत्तम उदाहरण आहे, कारण त्यातील भागांची सरमिसळ जगात सर्वांत जास्त झाली आहे. या कुलातील ३५० घ. इंची (सु. ५,७३३ घ. सेंमी.) एंजिनात अर्धी धाव ४४·२० मिमी., दांडा १४४·७८ मिमी. आणि दट्ट्याची पिन-उंची ३९·६२ मिमी. आहे. बेरीज २२८·६० मिमी. होते. ठोकळ्याची उंची २२९·२४ मिमी. असल्याने दट्ट्या माथ्याच्या सु. ०·६४ मिमी. खाली थांबतो. १९७० ते १९८० या काळात निघालेल्या ४०० घ. इंची एंजिनात ठोकळ्याची उंची तीच होती. पण अर्धी धाव ४७·६३ मिमी. होती. वाढलेल्या धावेची भरपाई करण्यासाठी कंपनीने दांडा १४१·३५ मिमी.चा, म्हणजे आखूड केला. बेरीज पुन्हा २२८·६० मिमी.च आली.

आता ४०० चा भुजादंड ३५० च्या ठोकळ्यात घालून दांडे व दट्टे ३५० चेच ठेवले, तर बेरीज २३२·०३ मिमी. होते आणि दट्ट्या ठोकळ्याच्या माथ्यावर सु. २·८ मिमी. येतो. दाबलेल्या गॅस्केटची जाडी जेमतेम १ मिमी. असते. म्हणजे एंजिन पहिल्याच फेऱ्यात शीर्षावर आदळेल. यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. एक, दांडेही ४०० चे घ्यावेत. मग ३५० चे दट्टे चालतात. परंतु दांडा आखूड असल्याने तो अधिक तिरका होतो, दट्ट्या सिलिंडराच्या भिंतीवर अधिक जोराने रेलतो आणि झीज वाढते. दुसरा मार्ग म्हणजे दांडे ३५० चे ठेवून पिन-उंची ३६·२० मिमी. असलेले दट्टे मुद्दाम बनवून घेणे. झिजलेले सिलिंडर ०·७६ मिमी.ने वाढवून असे एंजिन बांधले असता त्याची क्षमता ३८३ घ. इंच (सु. ६,२७१ घ. सेंमी.) होते. याच आकड्याने ते ओळखले जाते आणि ते इतके लोकप्रिय झाले की, त्यासाठी लागणारे दट्टे व भुजादंड स्वतंत्रपणे विक्रीला आले. कारागिरांनी शोधलेली जोडणी बाजाराने स्वीकारल्याचे असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

उंचीची बेरीज जुळली म्हणजे काम संपत नाही. ४०० च्या भुजादंडाचे मुख्य जर्नल (धारव्यात फिरणारे भाग) ६७·३ मिमी. व्यासाचे, तर ३५० च्या ठोकळ्यातील धारवे ६२·२ मिमी.च्या दंडासाठी आहेत. तेव्हा दंड शाणनाने ५ मिमी. बारीक करावा लागतो. धाव वाढल्याने दांड्याचे मोठे टोक अधिक बाहेर फिरते व त्याचे बोल्ट ठोकळ्याच्या खालच्या कडेला आणि वर कॅमदंडाला घासण्याची शक्यता असते. तेथे ठोकळा थोडा खरवडतात आणि मोकळीक मिळेपर्यंत बोल्टांचे माथे घासतात. खरवडताना हात थोडा जास्त चालला तर पाण्याचा मार्ग उघडा पडून ठोकळाच वाया जातो.

संतोलन हा यापुढील प्रश्न. १९८५ पर्यंतच्या ३५० एंजिनाच्या भुजादंडावर त्याचे सर्व प्रतिभार आतच सामावलेले असतात. ४०० मध्ये त्यांना पुरेशी जागा नसल्याने काही वजन पुढील कंपनशामकात व मागील प्रचक्रात (फ्लायव्हीलमध्ये) ठेवले आहे. ४०० चा भुजादंड घेऊन ३५० चे प्रचक्र बसविले, तर ते बोल्टांवर अगदी नीट बसते. एंजिन सुरूही होते. मग ते थरथरू लागते आणि काही काळाने मुख्य धारवे फुटतात. कंपनशामक व प्रचक्र हे भुजादंडाबरोबरच आणले पाहिजेत, अन्यथा सर्व फिरते भाग संतोलन-यंत्रावर नव्याने तोलून घेतले पाहिजेत.

शीर्ष व संपीडन : शीर्ष हा सर्वांत सहज बदलता येणारा भाग, म्हणूनच सर्वांत फसवाही. वर सांगितलेल्या ४०० एंजिनात सिलिंडरांचा व्यास वाढविण्यासाठी शेजारशेजारच्या सिलिंडरांच्या भिंती एकमेकींना जोडल्या आहेत. त्यांच्यामधून पाणी वाहत नाही. तेथे तयार होणारी वाफ निघून जावी म्हणून ठोकळ्याच्या माथ्यावर व शीर्षातही लहान छिद्रे ठेवलेली आहेत. ३५० चे शीर्ष या ठोकळ्यावर तंतोतंत बसते. मात्र त्यात ही छिद्रे नसतात. ती पाडून न घेतल्यास वाफेचे फुगे कोंडतात, त्या जागा अतितप्त होतात, गॅस्केट फुटते किंवा शीर्षाला तडा जातो. कोणताही बोल्ट, कोणतेही भोके जुळविण्याचे साधन ही उणीव दाखवीत नाही. ती केवळ दोन्ही पृष्ठभाग शेजारी ठेवून पाहणाऱ्यालाच दिसते.

शीर्षातील ज्वलनकोठीचे आकारमान बदलले की संपीडन गुणोत्तर बदलते. दट्ट्या वरच्या टोकाला असताना त्याच्या वर शिल्लक राहणारी सर्व जागा ९५ घ. सेंमी. आहे असे मानू. ३५० च्या एका सिलिंडराचे विस्थापन सु. ७१७ घ. सेंमी. असल्याने गुणोत्तर सु. ८·५ येते. तेवढीच जागा ठेवून ३८३ ची जोडणी केली, तर विस्थापन ७८४ घ. सेंमी. होऊन गुणोत्तर ९·२५ वर जाते. शीर्षाला हातही लावलेला नसतो. त्यातच ज्वलनकोठी १२ घ. सेंमी.ने लहान असलेले शीर्ष बसविले (या कुलात ७६ व ६४ घ. सेंमी. अशा दोन्ही कोठ्या आहेत), तर गुणोत्तर १०·४ पेक्षा जास्त होते. एवढ्या संपीडनाला अधिक ऑक्टेन अंकाचे पेट्रोल लागते. ते न मिळाल्यास ठोके पडू लागतात आणि दट्ट्यांच्या माथ्यांना भोके पडतात. त्यामुळे आकडेमोड न करता केवळ ‘मोठे’ किंवा ‘चांगले’ म्हणून आणलेले शीर्ष हे पुष्कळदा चालू एंजिनाचा नाश करते.

बिडाच्या ठोकळ्यावर ॲल्युमिनियमाचे शीर्ष बसवावयाचे असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सु. दुप्पट प्रसरण पावते. जुने गॅस्केट व जुने बोल्ट ही हालचाल सोसतीलच असे नाही.

जोडीने राहणारे भाग : काही भाग परक्या एंजिनातूनच नव्हे, तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या एंजिनातूनही उचलून चालत नाही. मुख्य धारव्यांची टोपणे ठोकळ्यावर आवळून त्यांचा बोगदा कारखान्यात एकाच वेळी कातलेला असतो. एका ठोकळ्याचे टोपण दुसऱ्यावर घातले की वर्तुळ अखंड राहत नाही. दांडा आणि त्याचे टोपण यांचेही असेच. सपाट तळाचे उत्थापक व कॅमदंड काही दिवसांच्या चालण्यानंतर एकमेकांशी घासून जुळतात; वापरलेले उत्थापक दुसऱ्या दंडावर घातले असता दंडाचे कॅम थोड्याच काळात गोल होतात. मोडीच्या बाजारात एकाच पेटीत टाकलेले आठ-दहा उत्थापक स्वस्त मिळतात, पण ते घेण्यासारखे नसतात.

जीपच्या एंजिनातील एक बदल या दृष्टीने फार बोधप्रद आहे. युद्धकाळातील जीपमध्ये कॅमदंड साखळीने फिरत असे. १९४६ मध्ये साखळीच्या जागी दंतचक्रे आली. साखळीने कॅमदंड भुजादंडाच्याच दिशेने फिरतो, तर दंतचक्रांच्या जोडीने तो उलट दिशेने फिरतो. बाहेरून एंजिन जवळजवळ तेच दिसत असल्याने जुन्या ठोकळ्यावर नवी दंतचक्रे चढविण्याचा मोह होतो. परंतु कॅमदंड व त्यावरून चालणारा तेलपंप हेही त्यांच्याबरोबर बदलले नाहीत, तर झडपा अवेळी उघडतात आणि वंगणाचा प्रवाहच बिघडतो. युद्धानंतर जीपची जोडणी मुंबईत महिंद्र कंपनीने हाती घेतली आणि जुन्या लष्करी जीपही पुष्कळ काळ वापरात राहिल्या. त्यामुळे या दोन्ही पिढ्यांचे भाग आपल्याकडे शेजारी शेजारी राहिले.

भाग मिळविणे व तपासणे : भारतात जुन्या भागांचे मोठे बाजार दिल्लीत मायापुरी, मुंबईत कुर्ला व चेन्नईत पुदुपेट येथे आहेत. मोडीत आलेल्या गाड्या तेथे सोडवून त्यांचे भाग प्रकारवार विकले जातात. येथील जाणत्या विक्रेत्याची स्मरणशक्ती ही एक तऱ्हेची यादीच असते; कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणत्या गाडीला चालतो हे त्याला पाठ असते. त्याचे ज्ञान बहुधा बरोबर असते, पण ते ‘बसतो’ इतक्यापुरतेच असते. ‘चालतो’ हे खरेदीदाराने स्वतः ठरवावयाचे असते.

आणलेला प्रत्येक भाग धुऊन मोजतात. जर्नलाचे माप मायक्रोमीटरने दोन दिशांना व दोन ठिकाणी घेतात, कारण झिजलेला दंड लंबगोल व निमुळता होतो. ठोकळा व शीर्ष यांतील तडे डोळ्यांना दिसत नाहीत. चुंबकीय चूर्ण टाकून किंवा पाण्याच्या दाबाखाली ठेवून ते शोधतात. आटे तपासणे हे काम क्षुल्लक वाटते, तरीही त्यात फार एंजिने बिघडली आहेत. ५/१६ इंची बोल्ट व ८ मिमी. बोल्ट यांच्या व्यासांत केवळ ०·०६ मिमी. फरक आहे. एकाची चाकी दुसऱ्यावर एक-दोन फेरे फिरते, मग अडते. पान्याचा जोर लावला तर ती आणखी फिरते आणि आटे कापले जातात. असा बोल्ट आवळलेला वाटतो, पण धरत नाही.

त्यानंतर कच्ची जोडणी करतात. गॅस्केट, कड्या व वंगण यांशिवाय, किंवा अगदी थोड्या वंगणावर, सर्व भाग जागेवर ठेवून एंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवितात. चार धावांच्या एंजिनाचे एक आवर्तन भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत पुरे होत असल्याने एक फेरा पुरेसा नसतो. दट्ट्याच्या माथ्यावर मऊ मातीचा थर दाबून, शीर्ष आवळून, एंजिन फिरवून ते पुन्हा काढतात. मातीत झडपांचे ठसे उमटलेले असतात. ती सुरीने कापून जेथे सर्वांत पातळ झाली आहे तेथील जाडी मोजली की दट्ट्या व झडप यांतील मोकळीक समजते. ही पद्धत जुनी व स्वस्त आहे. तिच्यापेक्षा खात्रीची दुसरी पद्धत साध्या कर्मशाळेत उपलब्ध नाही.

धारव्यातील मोकळीक जर्नलाच्या व्यासाच्या सु. हजाराव्या भागाएवढी असावी, असा व्यवहारातील संकेत आहे, ६२ मिमी.च्या दंडाला ती ०·०६ मिमी. होते. कमी ठेवल्यास तेलाचा थर टिकत नाही व धातू धातूला चिकटतो. जास्त ठेवल्यास तेल निसटून दाब पडतो आणि त्याची झळ पंपापासून सर्वांत दूर असलेल्या धारव्याला आधी लागते. कडीच्या दोन टोकांतील फट सिलिंडराच्या दर १०० मिमी. व्यासामागे सु. ०·४ मिमी. ठेवतात. परक्या दट्ट्याबरोबर आलेल्या कड्यांत ती हमखास चुकलेली असते. दट्टे व दांडे वजनाने सारखे करून घेणेही आवश्यक असते, विशेषतः ते दोन-तीन ठिकाणांहून जमविलेले असतील तेव्हा.

बांधलेले एंजिन सुरू करण्यापूर्वी तेलपंप बाहेरून फिरवून सर्व मार्गांत तेल पोहोचवितात. पहिले काही तास ते बेताच्या गतीने चालवितात आणि त्यानंतरचे तेल काढून त्यात धातूचे कण आहेत काय ते पाहतात. चकाकणारे बारीक कण नव्या कड्यांचे असू शकतात. तांबूस किंवा करड्या पापुद्र्यांसारखे कण दिसले, तर ते धारव्यांचे समजून एंजिन लगेच पुन्हा उघडावे लागते. तोपर्यंत दंड वाचलेला असतो.

कायदेशीर बाजू : भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत, इंधनाचा प्रकार बदलण्यासाठी केलेल्या फेरफारांना विहित अटींवर मुभा आहे. किमान दहा परिवहन वाहने असलेल्या मालकांना राज्य शासन त्याच बनावटीचे व प्रकाराचे एंजिन बदलण्याची सवलत अधिसूचनेद्वारे देऊ शकते. मिश्र बांधणीत ही बाजू सहज नजरेआड होते. एंजिनाचा क्रमांक ठोकळ्यावर कोरलेला असतो, म्हणून आतील दट्टे, दांडे किंवा भुजादंड बदलले तरी क्रमांक तोच राहतो; मात्र ठोकळा दुसऱ्या गाडीचा घेतला की क्रमांक बदलतो आणि त्याबरोबर तो ठोकळा कोठून आला याचा पुरावाही दाखवावा लागतो. सिलिंडर वाढवून किंवा धाव बदलून घनक्षमता बदलल्यास क्रमांक तोच असूनही नोंदणीतील आकडा खोटा ठरतो. त्यामुळे प्रत्येक भाग कोणत्या गाडीचा आहे, त्याचे मोजलेले माप काय आणि त्यावर कोणते यंत्रण झाले याचे टिपण चांगली कर्मशाळा मालकाला देते. पुढे कधी धारवे किंवा कड्या मागवाव्या लागल्या, तर गाडीच्या नावावरून त्या मिळत नाहीत. त्या या टिपणावरूनच मागवाव्या लागतात.